लेक वाजवते त्या पबमधलं भूत

पत्र थोडक्यात असं: मूळच्या मिरजेच्या, आता सिएटलजवळ बेलव्ह्यूला राहणाऱ्या एका आईनं लिहिलं आहे. मुलगी तेवीस वर्षांची, नोकरी करते, शहरात मैत्रिणींबरोबर राहते. शाळेपासून व्हायोलिन शिकलेली. गेल्या हिवाळ्यापासून दर बुधवारी रात्री ती पाइक प्लेस मार्केटमधल्या ‘केल्स’ या आयरिश पबमध्ये तीन-चार जणांबरोबर वाजवते. ही इमारत पूर्वी फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीआधी प्रेतं ठेवून त्यांची तयारी करण्याची जागा, होती आणि पब झपाटलेला आहे, असे व्हिडिओ आईच्या पाहण्यात आले. तिनं ते मिरजेला सासूबाईंना पाठवले. तेव्हापासून आजींची झोप उडाली आहे. रोज फोनवर ‘पोरीला तिथून काढ’ म्हणतात. नरसोबाच्या वाडीचा अंगाराही त्यांनी पोस्टानं पाठवला आहे. नणंदेनं कोल्हापूरकडचा एक माणूस शोधलाय, तो एकवीस हजारांत ‘बंदोबस्त’ करून देतो म्हणतो. नवरा ‘हा वेडेपणा आहे’ म्हणून उठून जातो. मुलगी म्हणते, ‘आई, तुला खरं काय म्हणायचंय ते म्हण.’ आई विचारते: ‘भूत असो नसो, जिथं इतकी प्रेतं ठेवली तिथं माझ्या मुलीनं रात्री का थांबावं? गणपतीत कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर मी काय सांगू? तिला कसं थांबवू?’

ताई,

भीती वाटते याची लाज वाटू देऊ नका. लेकरू रात्री बाहेर असलं की आईचा जीव टांगणीला लागतो, मग ते सहा वर्षांचं असो की तेविसाचं. फक्त ही एकच भीती आहे का, हे मला तुमच्याबरोबर बसून उकलून पाहायचं आहे. मला तर त्यात तीन-चार वेगवेगळ्या काळज्या गुंतलेल्या दिसतात, आणि सगळ्यांवर भुताचं पांघरूण घातलेलं दिसतं.

आधी ती जागा. काही वर्षांपूर्वी सिएटलला भाचीकडे दोन महिने राहिले होते, तेव्हा पोस्ट ॲली या गल्लीतून मी अनेकदा गेले आहे. एका टोकाला लोकांनी च्युइंगगम चिकटवून चिकटवून रंगीत केलेली भिंत, तिथून चालत पुढे गेलं की हा पब. इमारत उतारावर बांधलेली आहे. वरच्या फर्स्ट अव्हेन्यूवरून ती तीन मजली दिसते आणि खालच्या गल्लीतून पाच मजली. पब आहे तो या गल्लीच्या अंगाला. एडगर रे बटरवर्थ यांनी १९०३मध्ये ती खास अंत्यसंस्कारांच्या व्यवसायासाठी बांधून घेतली. पाइक प्लेस मार्केट १९०७चं, म्हणजे ही वास्तू त्याच्याही आधीची. १९२३मध्ये बटरवर्थ मंडळी कॅपिटॉल हिल भागात नव्या जागेत गेली. त्या नव्या जागेतूनच जुलै १९७३च्या अखेरीस ब्रूस लीची अंत्ययात्रा निघाली होती. खांदेकऱ्यांमध्ये स्टीव्ह मॅक्वीन आणि जेम्स कोबर्न हे हॉलिवूडचे नट होते. पुढे तिथंही बिअरचा बार निघाला. केल्स सुरू झाला तो १९८३मध्ये. शेवटची शवपेटी बाहेर पडल्यावर साठ वर्षांनी.

तुम्ही लिहिता, ‘इतकी प्रेतं ठेवली’. मला या ‘ठेवली’ शब्दापाशी थोडं थांबायचं आहे. सिएटल तेव्हा कसं होतं ते डोळ्यांसमोर आणा. १९००मध्ये लोकसंख्या ८०,६७१, आणि १९१०मध्ये २,३७,१९४. दहा वर्षांत शहर जवळजवळ तिप्पट. अलास्काच्या सोन्यामागे निघालेले, लाकूडतोडीला आलेले, गलबतांवरचे खलाशी, कितीतरी एकटे पुरुष. आई-बाप, बायका-मुलं हजारो मैल लांब. असा माणूस आजारानं किंवा अपघातानं गेला तर त्याचं अंग पुसायला, त्याला नीट कपडे घालायला, त्याच्यापाशी दोन शब्द म्हणायला कुणीतरी हवंच की. त्या घरात हे काम वीस वर्षं चाललं. पैसे घेऊन चाललं, व्यवसायच होता तो. पण परक्या गावात मेलेल्या माणसाची शेवटची निगा जिथं राखली गेली, ती जागा अभद्र कशी, हे मला खरंच कळत नाही. तुम्ही स्वतः परदेशात राहता ताई. आपलं काही झालं तर इथं कोण, हा विचार तुमच्याही मनात कधीतरी येऊन गेला असेल.

आपल्याकडे फ्युनरल होम हा प्रकार नव्हता, म्हणून ते ऐकलं की अंगावर काटा येतो. आपल्याकडे ते काम घरच करायचं. माझी आजी वाईच्या वाड्यात माजघरात गेली. तिला तिथंच, त्याच फरशीवर आंघोळ घातली. तेराव्याला त्याच माजघरात पंगत बसली, आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच कोपऱ्यात बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला. एकट्यानं दिवा मालवायला मला भीती वाटायची, हेही खरं. पण ‘या घरात राहू नका’ असं कुणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तर महाराष्ट्रातला एक वाडा, एक चाळ राहण्याजोगी उरली नसती.

आणि तुम्ही तर मिरजेच्या! ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना ते गेले, आणि त्यांना आणून विसावा दिला तो मिरजेत. उरुसात त्या आवारात रात्ररात्र गाणं होतं. मोठमोठे गवई तिथं हजेरी लावणं हा मान समजतात. तुमच्या सासूबाईंनी कधी ना कधी ते ऐकलं असणार, निदान घरातलं कुणीतरी तिथं मांडी घालून बसलं असणार. मृतांच्या शेजारी बसून रात्री वाजवणं-गाणं यात वाईट काही आहे, असं मिरजेच्या माणसानं म्हणावं याचं मला नवल वाटलं. कबरीशेजारी ख्याल चालतो, मग शंभर वर्षांपूर्वी रिकाम्या झालेल्या खोलीत व्हायोलिन का चालू नये? मधे दारू आहे म्हणून, असं तुमच्या ओठांवर आलं ना? बरोबर. मग तो प्रश्न दारूचा झाला, भुताचा राहिला नाही. त्याकडे मी येतेच.

आयर्लंडच्या लोकांचीही एक रीत सांगते, कारण तुमची लेक त्यांचं संगीत वाजवते. माणूस गेला की देह घरात ठेवून रात्रभर त्याला सोबत करायची. घड्याळ थांबवायचं, आरसे झाकायचे, शेजारीपाजारी जमायचे. चहा, तंबाखू, व्हिस्की, आठवणी, रडणं आणि गाणीही. आपल्याकडे वारकऱ्याची अंत्ययात्रा टाळ-मृदंगात निघते, तसंच म्हणा ना.

आता भुतांच्या गोष्टी. लाल केसांची लहान मुलगी दिसते म्हणतात, आरशात चार्ली नावाचा टोपीवाला माणूस दिसतो म्हणतात, ग्लास आपोआप खाली पडतात म्हणतात. हे सांगणाऱ्यांना मी खोटारडं म्हणणार नाही. पण एक गोष्ट व्हिडिओत नसते. सिएटल शहराच्या पोटातून एक रेल्वे बोगदा जातो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खोदलेला. त्याचं उत्तरेकडचं तोंड या मार्केटच्याच खालच्या अंगाला आहे. आजही त्यातून लांबलचक मालगाड्या जातात. सव्वाशे वर्षांची इमारत, उतारावरची जमीन, खालून मालगाडी, समोरच्या खाडीवर भोंगे वाजवणाऱ्या फेरीबोटी, खोलीत मंद दिवे आणि हातात दुसरा-तिसरा ग्लास. प्रत्येक आवाजाचं कारण मी इथं पुण्यात बसून देऊ शकत नाही. पण त्या गल्लीत कान टवकारून उभं राहिलं तर काहीच ऐकू आलं नाही, असं होणारच नाही.

या इमारतीशी जोडलेली एक गोष्ट मात्र मला खरोखर घाबरवते, आणि तिच्यात भूत नाही. लिंडा हॅझर्ड नावाची एक बाई उपासानं सगळे रोग बरे करते म्हणायची. सिएटलजवळ ओलाला इथं तिचं उपचारघर होतं. क्लेअर आणि डोरा विल्यमसन या दोन श्रीमंत ब्रिटिश बहिणी १९११मध्ये तिच्याकडे आल्या. उपासांनी क्लेअर मेली, डोरा हाडांचा सापळा होऊन कशीबशी वाचली. बहिणींचे दागिने आणि मालमत्तेचा कारभार तोवर हॅझर्डच्या हाती गेला होता. क्लेअरचा देह आणला गेला तो बटरवर्थकडेच. १९१२मध्ये हॅझर्डला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली.

ही गोष्ट मी तुमच्या नणंदेसाठी सांगितली. घाबरलेल्या माणसाला ‘माझ्याकडे उपाय आहे’ म्हणणाऱ्याची मला भीती वाटते. एकवीस हजारांत सात समुद्रांपलीकडच्या पबचा बंदोबस्त करणारा माणूस पहिल्यांदा एकवीस मागतो, मग ‘बाधा जबर आहे’ म्हणून एक्कावन्न. एक पैसाही पाठवू नका. भुताखेतांचं भय घालून लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यानं फोन करून ‘पोरीचं बरंवाईट होईल’ अशी धमकी दिली, तर नणंदेला सांगा, बोलणं नोंदवून ठेव आणि सरळ पोलीस ठाण्यात जा.

अंगाऱ्याचं वेगळं. तो आजींच्या मायेचा आहे, त्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. पुडी लेकीला द्या, ‘आजीनं पाठवलाय’ एवढंच म्हणा. व्हायोलिनच्या पेटीत राहील ती. तिला नको असेल तर तुमच्या देवघरात ठेवा.

आता खऱ्या गाठीकडे येऊ. तुमच्या पत्रात भूत, बाधा, झपाटलेलं असे शब्द पानोपानी आहेत. लेक काय वाजवते, कशी वाजवते, हे एकदाही नाही. तिला शेवटचं कधी ऐकलंत, तेही नाही. मला वाटतं तुमच्या काळज्या अशा आहेत: ती पबमध्ये असते. ती रात्री उशिरा एकटी घरी जाते. गणपतीत चारचौघींत ‘माझी मुलगी पबमध्ये वाजवते’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. आणि कदाचित, ती तुमच्या हातातून सुटून तिच्या स्वतःच्या आयुष्यात निघून गेली आहे, याचं दुःख. या चारही काळज्या खऱ्या आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकीवर बोलता येतं. भुतावर बोलता येत नाही. ते आहे असं म्हटलं तरी वाद संपतो, नाही म्हटलं तरी संपतो. म्हणून आपण त्याच्या आडून बोलतो. तुमच्या मुलीनं हे ओळखलंय. ‘खरं काय म्हणायचंय ते म्हण’ हे तिचं उर्मट उत्तर नाही ताई, ते आमंत्रण आहे.

तिला थांबवता येईल का? नाही. ती सज्ञान आहे, कमावती आहे. तुम्ही रडलात, शपथ घातलीत, तर ती बहुधा दोनपैकी एक करेल. वाजवणं सोडेल आणि ते कायम मनात धरेल. किंवा वाजवत राहील आणि तुम्हाला सांगणं सोडेल. दुसरी शक्यता मला जास्त धोक्याची वाटते. कारण मग एखाद्या बुधवारी रात्री तिला खरोखर अडचण आली, कुणी त्रास दिला, गाडी बंद पडली, तर ती पहिला फोन तुम्हाला करणार नाही.

म्हणून शपथा बाजूला ठेवून तिला साधे प्रश्न विचारा. वाजवणं किती वाजता संपतं? गाडी कुठं लावतेस, तिथपर्यंत कोण सोबत येतं? वाजवणाऱ्यांना लोक प्रेमानं ग्लास पाठवतात, तेव्हा तू काय करतेस? इथं एक अट तुम्ही आई म्हणून जरूर घाला आणि त्यावर हटू नका: ज्या रात्री एक घोटही घेतला, त्या रात्री गाडी चालवायची नाही, टॅक्सी करायची, हवं तर पैसे तुम्ही द्या. घरी पोचल्यावर एक शब्दाचा निरोप. हे कुठल्याही समंजस मुलीला पटतं. आणि ‘तुला तिथं कधी भीती वाटली का?’ हेही विचारा, पण उत्तर तिच्या तोंडात घालू नका. तिनं स्वतःहून सांगितलं की मला झोप लागत नाही, आवाज येतात, छातीत धडधडतं, तर ते मनावर घ्या आणि डॉक्टरकडे न्या.

तुमच्या यजमानांना मी एक सांगेन, त्यांना हे वाचून दाखवा. भूत नाही म्हणणं बरोबर आहे. पण बायको घाबरलेली असताना ‘वेडेपणा’ म्हणून उठून जाण्यानं तिची भीती कमी होत नाही, ती भीती घेऊन एकटी पडते. तुम्हीही बसा या बोलण्यात.

अशी पत्रं मला बरीच येतात, म्हणून इतर वाचकांसाठीही थोडं. कुणाला पुण्यात स्वस्तात फ्लॅट मिळतोय पण तिथं आत्महत्या झालेली आहे. कुणाच्या मुलाचं वसतिगृह स्मशानाला लागून आहे. कुणाची मुलगी नर्स आहे आणि शवागाराशेजारच्या वॉर्डात रात्रपाळी लागली आहे. सगळ्यांना माझं सांगणं एकच असतं: तिथं कोण मेलं हे विचारून झालं असेल तर आता तिथं जिवंत माणसं कशी राहतात ते विचारा. जिन्यात दिवा आहे का, वायरिंग जुनं आहे का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, रात्री हाक मारली तर कोण येईल. दिवसाउजेडी जाऊन या, शेजाऱ्यांशी बोला. आणि एवढं करूनही मन घेत नसेल तर जागा सोडा. तेवढ्यासाठी भूत सिद्ध करावं लागत नाही. ‘मला इथं बरं वाटत नाही’ हे कारण पुरेसं आहे. मात्र ते स्वतःपुरतं. दुसऱ्या मोठ्या माणसाला तिथं बरं वाटत असेल, तर आपलं न वाटणं त्याच्यावर लादता येत नाही.

गणपतीतल्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकते. ‘मुलगी नोकरी करते आणि बुधवारी आयरिश संगीत वाजवते.’ पुढं कुणी ‘कुठं?’ विचारलं तर ‘पाइक प्लेस मार्केटमध्ये, केल्समध्ये. या ना ऐकायला.’ हे वाक्य घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहा. तिसऱ्यांदा ते जड जाणार नाही.

पण त्याआधी तुम्ही जायला हवं. येत्या बुधवारी, नवऱ्याला घेऊन. लेकीला आधी विचारा, ‘आम्ही आलो तर चालेल का?’ अचानक जाऊन तिला अवघडून टाकू नका. पोस्ट ॲलीच्या बाजूनं आत जा. वाजवणाऱ्यांच्या अगदी पुढ्यात बसू नका, पण दिसतील असं बसा. दारू घ्यायलाच हवी असं काही नाही; सोडा ब्रेड मागवा, कॉफी मागवा. आरसा शोधत बसू नका. तिचा व्हायोलिनचा गज धरलेला हात बघा. लहानपणी तो हात थकला की तुम्ही तेल लावून चोळून द्यायच्यात, असं तुम्हीच पत्रात एका कोपऱ्यात लिहिलंय.

आणि जाताना फोन चार्ज करून न्या. सध्या तुमच्याकडे उन्हाळी वेळ चालू आहे, म्हणजे बुधवारी रात्रीचे आठ वाजतात तेव्हा मिरजेत गुरुवारची सकाळ साडेआठ. दत्ताचा वार. आजींची पूजा आटोपलेली असेल, खिडकीतून ऊन आत आलेलं असेल. त्यांना व्हिडिओ कॉल लावा, फोन लेकीच्या दिशेला धरा आणि तुम्ही काही बोलू नका.